मोठ्या बाईंचा नाकारलेला नमुना

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ होत्या म्हणून म्हणत, की त्यांचं वजन एकशे एकतीस किलो होतं म्हणून म्हणत, हे विचारायच्या भानगडीत बाई कधी पडल्या नाहीत. आता वजन एकशे तीनवर आलं होतं आणि तरीही त्या मोठ्या बाईच होत्या, तेव्हा पहिलंच कारण खरं असावं अशी त्यांनी आपली समजूत घालून घेतली होती.

वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही. राहायला तिसऱ्या मजल्यावर. त्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय. भावाला घरात चिमण म्हणत, कारण जन्मला तेव्हा तो जेमतेम दोन किलोचा होता आणि जगेल की नाही याची सगळ्यांना धास्ती होती. तो जगला. नुसता जगला नाही, एकशे बेचाळीस किलोपर्यंत पोचला. धंदा फ्रीज दुरुस्तीचा. गिऱ्हाइकाकडे जिना चढून जायची वेळ आली की प्रत्येक मजल्यावर थांबून तो भिंतीच्या रंगाकडे अशा चौकसपणे बघायचा, जणू रंगाची पाहणी करायलाच आलाय. दम लागलाय हे कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं.

त्याच्या रक्तात होती ती चरबी. रक्तातल्या ज्या चरबीला ट्रायग्लिसराइड म्हणतात ती दीडशेच्या आत असावी लागते. चिमणची बाराशे-तेराशेच्या घरात खेळत असायची. तिच्यापायी दोन वर्षांत त्याचं स्वादुपिंड दोनदा सुजलं. दुसऱ्या खेपेला तो अकरा दिवस दवाखान्यात होता, त्यातले चार अतिदक्षता विभागात. घरी सोडताना सर्जनबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, "तिसऱ्या वेळी मी तुम्हाला चालत घरी पाठवीन असं लिहून देणार नाही." गोळ्या तो घ्यायचा, म्हणजे आठवतील तेव्हा घ्यायचा, आणि त्या आठवायच्या ते बायकोने डबी समोर आपटली की.

म्हणून सर्जनबाईंनी दोन्ही भावंडांना समोर बसवून वजनाच्या ऑपरेशनचा विषय काढला. बाईंना स्वतःलाही गरज होतीच. साखर वाढलेली, गुडघे बोलायला लागलेले, रक्तातली चरबी पाचशे ऐंशी. बाई हो म्हणाल्या. चिमण पायाचा अंगठा चपलेत फिरवत म्हणाला, "आधी ताईचं करा. तिचं बघू काय होतंय ते, मग माझं." म्हणजे ताई मेली तर हा वाचला, असा त्याचा साधा हिशोब. बाईंना हे तिथल्या तिथे बोलून दाखवायचं होतं, पण सर्जनबाईंसमोर शोभा नको म्हणून त्यांनी ते जिन्यापर्यंत दाबून ठेवलं आणि मग आपले तीन मजले चढता चढता वरून त्याला ऐकवलं.

तर नऊ महिन्यांपूर्वी बाईंचं ऑपरेशन झालं. जठराची अंड्याएवढी पिशवी केली, बाकीचं जठर बाजूला ठेवलं, आणि ती पिशवी आतड्याला थोडी खाली नेऊन जोडली. दुसऱ्या दिवशी बाई चालल्या. पाचव्या दिवशी घरी आल्या. आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी चिमण वजनकाटा काखेत मारून तिसऱ्या मजल्यावर हजर झाला. आयुष्यात स्वतःहून तीन मजले चढायची ही त्याची पहिलीच वेळ असावी.

"उभी राहा," तो धापा टाकत म्हणाला.

दर रविवारी हेच. आधी म्हणाला, एकशे वीसच्या खाली आलीस की मी तारीख घेतो. बाई एकशे अठरावर आल्या. तेव्हा तो म्हणाला, अठरा काय, एवढं तर माणूस आजारपणातही उतरतो, एकशे दहा कर. त्या एकशे आठवर आल्या. मग शंभर. शंभराच्या खाली आलीस की शब्द माझा. आणि बाई एकशे तीनवर येऊन ज्या अडकल्या त्या अडकल्याच. सात आठवडे काटा जागचा हलेना. चिमण काट्यावर वाकून आकडा वाचायचा आणि मान हलवायचा. त्या मान हलवण्यात समाधान होतं, हेच बाईंना सर्वांत जास्त झोंबायचं.

लोकांचा ताप वेगळाच. शेजारीण विचारायची, "आता खाता तरी काय?" कामावरची माणसं म्हणायची, "बरंय, मेहनत न करता उतरलं." मेहनत न करता! सकाळी चार गोळ्या, दुपारी दोन, केस गळून कंगव्यात गुंतवळ येतंय, घासभर जास्त झालं की पोटात ढवळून घाम फुटतोय, आणि म्हणे मेहनत न करता. बाईंनी उत्तर द्यायचं सोडून दिलं. त्यांना वाद घालायचा होता तो एकाच माणसाशी, आणि तो माणूस म्हणत होता की ऑपरेशन म्हणजे फ्रीजचं दार छोटं करण्यातला प्रकार आहे. कमी माल आत जातो, एवढंच. तेवढं तर तो मनात आणलं तर घरबसल्या करेल.

असं नसतं हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांनी सर्जनबाईंचं डोकं खाऊन ते समजून घेतलं होतं. माणूस कमी खातो, हा झाला वरवरचा भाग. खरी उलथापालथ आत होते. अन्न वरच्या आतड्याला वळसा घालून लवकर खाली पोचतं, आणि खालचं आतडं मेंदूला, स्वादुपिंडाला, यकृताला वेगळेच निरोप धाडू लागतं. पित्ताची ये-जा बदलते. वर्षानुवर्षं इन्सुलिनला न जुमानणारं शरीर त्याचं ऐकायला लागतं. मग चरबीच्या पेशी ऊठसूट रक्तात चरबी सोडायच्या थांबतात. यकृतही साखरेची चरबी करून रक्तात ओतायचा आपला उद्योग आवरतं घेतं, आणि त्याच्या स्वतःच्या अंगात साठलेली चरबी पहिल्या काही आठवड्यांतच उतरू लागते, कंबरेवर फारसं काही दिसायच्याही आधी. वजन पुढेमागे अडतं, कारण शरीर आपलं वजन सोडायला सहजी तयार नसतं. पण आतला कारभार बदलायचा तो बदललेला असतो. यातलं काही वजनकाटा सांगत नाही. काट्याला फक्त किती ते कळतं, कशाचं ते कळत नाही.

बाईंनी हे चिमणला सांगितलं. चित्र काढून सांगितलं. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतला रिपोर्ट दाखवला, त्यात चरबी एकशे चोवीस. चिमणने तो उलटासुलटा करून बघितला. "त्यांचंच ऑपरेशन, त्यांचाच रिपोर्ट," तो म्हणाला. "चांगला नाही देणार तर काय करतील?"

"मग कुठला मानशील?"

"तुझ्या प्रयोगशाळेतला. तिथे तू कुणाची भीड ठेवत नाहीस."

हे मात्र खरं होतं आणि बाईंना त्यातल्या त्यात बरंही वाटलं. मधल्या काळात एकदा चिमणच्या पोटात कळ आली, ती नुसत्या वाताची निघाली, पण भावजयीने त्या धास्तीत त्याच्यासाठी ऑपरेशनची तारीखच घेऊन टाकली. पुढच्या आठवड्यातला गुरुवार. चिमण कुरकुरत कबूल झाला, अट एकच: ताईच्या प्रयोगशाळेतला रिपोर्ट. बुधवारी सकाळी बाईंनी उपाशीपोटी आपलं रक्त दिलं आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणत कामाला लागल्या.

आता इथे त्या प्रयोगशाळेतला एक नियम सांगायला हवा. एखाद्याचा नवा निकाल त्याच्या मागच्या निकालापासून फारच लांब गेला, तर तो बाहेर सोडायचा नाही. नळ्यांची अदलाबदल झाली असं धरायचं, नमुना बाद करायचा, आणि त्या माणसाला पुन्हा बोलवायचं. सहा वर्षांपूर्वी एकाच नावाच्या दोन माणसांचं रक्त एकमेकांच्या नावावर गेलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. तो करण्यासाठी एक बाई मालकांशी भांडल्या होत्या, कागदावर मांडला होता, संगणकात घालून घेतला होता. नियम त्या बाईंचा, म्हणजे मोठ्या बाईंचाच. त्यांच्या सहीखाली तो भिंतीवर लावलेला होता.

आणि नियम पाळायला बसलेले होते शिक्केबुवा. हे अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ प्रत्येक कागदावर शिक्का मारल्याशिवाय तो कागद आहे असं मानत नसत, म्हणून त्यांचं हे नाव. बुधवारी दुपारी संगणकाने लाल खूण दाखवली. मागचा निकाल, दहा महिन्यांपूर्वीचा, ऑपरेशनच्या आधीचा: पाचशे ऐंशी. आताचा: एकशे बारा. शिक्केबुवांनी नियम वाचला, नळी टाकून दिली, 'बाद' असा शिक्का मारला आणि घरी निघून गेले. बाईंना ते गुरुवारी सकाळी कळलं.

"बाद केलंत? माझं रक्त?"

"तुमचं नव्हतं ना. म्हणून तर बाद केलं."

"शिक्केबुवा, तुम्हीच काढलंत ते! या खुर्चीत बसवून, या हातातून!"

"काढलं मीच. पण नियम म्हणतो की ते तुमचं असू शकत नाही."

"मी तुमच्यासमोर उभी आहे."

"त्याचा नियमात उल्लेख नाही, बाई. एवढी चरबी अशी उतरत नसते."

"ऑपरेशन केल्यावर उतरते!"

शिक्केबुवांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "मग तशी एक ओळ घालायची होती. खाली सही तुमची आहे."

बाईंना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, आणि हातात हातमोजे होते म्हणून तेही करता येईना. शिक्केबुवांची चूक काढायची तर आपलीच काढावी लागत होती. पुन्हा रक्त द्यायचं, नळीवर दोघांच्या सह्या घ्यायच्या, झालं, एवढंच की, असं म्हणून त्यांनी राग गिळला. पण तेवढंच नव्हतं. नमुना बाद झाला की संगणक आपण होऊन त्या माणसाला निरोप पाठवतो. बाईंच्या नावापुढे फोन नंबर होता तो चिमणचा. ऑपरेशनच्या वेळी आपण गुंगीत असू म्हणून त्यांनी स्वतः तो घातला होता आणि नंतर बदलायला विसरल्या होत्या. जुने नंबर ठेवले म्हणून आजवर किती लोकांना त्यांनी खडसावलं असेल, त्याची गणती नाही.

संध्याकाळी भावजय वर आली. दारातच रडायला लागली.

"ताई, त्यांनी पुढच्या गुरुवारचं ऑपरेशन रद्द केलं."

तिने चिमणचा फोन पुढे केला. त्यावर निरोप होता: 'आपल्या रक्ताचा निकाल मागील निकालाशी विसंगत आढळल्यामुळे नमुना नाकारण्यात आला आहे. कृपया पुन्हा उपस्थित राहावे.' हा मजकूरही बाईंचाच. तेव्हा त्यांना तो फार भारदस्त वाटला होता.

"ते म्हणाले, बघ, ताईचं रक्तच नासलं त्या ऑपरेशनने. प्रयोगशाळासुद्धा घेईना."

बाईंनी आधी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं की यादीत पुढचा माणूस थांबलेला आहे; शनिवारी दुपारी बारापर्यंत पेशंटने स्वतः फोन करून हो म्हटलं तर जागा राहील, नाहीतर पुढची तारीख चार महिन्यांनी. चार महिने. त्या रक्ताला चार महिने द्यायला बाई तयार नव्हत्या. त्या धाडधाड जिना उतरून खाली गेल्या. चिमण दाराशी एका जुन्या फ्रीजचं रबर बदलत बसला होता.

"ते रक्त चांगलं आहे म्हणून बाद झालं, चिमण."

त्याने वर बघितलं. "चांगलं म्हणून बाद?"

"हो."

"ऐक जरा तुझं तुलाच."

बाईंनी ऐकलं. खरंच बरं वाटत नव्हतं ऐकायला. त्यांनी नियम समजावला, संगणक समजावला, शिक्केबुवा समजावले. चिमण रबर ताणत राहिला. दोन भावंडांतला एकही माणूस आपल्या धंद्यातलं दुसऱ्याला पटवू शकत नाही, या विचाराने बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचंच होतं.

"शनिवारी सकाळी माझ्याकडे ये. उपाशीपोटी. दोघांचंही रक्त तुझ्यासमोर काढते. तुझ्या डोळ्यांनी बघ, मग जे करायचं ते कर."

"उपाशी किती?"

"बारा तास."

"बारा!" चिमणच्या हातातून रबर निसटलं.

शुक्रवारी रात्री भावजयीने स्वयंपाकघराला कुलूप लावून किल्ली उशाशी घेतली असं नंतर कळलं. शनिवारी साडेदहाला चिमण प्रयोगशाळेत आला तो जगावर रुसलेला. बाईंनी त्याचं रक्त काढलं, आपलं शिक्केबुवांकडून काढून घेतलं. दोन्ही नळ्यांवर नावं, वेळ, तिघांच्या सह्या. शिक्केबुवांनी वर शिक्काही मारला. रक्त गोठायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ चिमण स्वस्थ बसेना. नमुन्यांचा फ्रीज उघडून त्याने दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, मागे वाकून कान लावला, आणि याचा गॅस कमी झालाय, महिन्याभरात बंद पडेल, असं शिक्केबुवांना बजावलं. शिक्केबुवांनी ते लिहून घेतलं.

मग नळ्या मशीनमध्ये घालून गरगर फिरवल्या. असं फिरवलं की लाल गोळा तळाशी बसतो आणि वर रक्तातलं पाणी सुटतं. ते निरोगी माणसात पिवळसर, आरपार दिसणारं असतं. मशीन थांबलं. बाईंनी नळ्या काढल्या आणि चिमणसमोरच्या टेबलावर उभ्या केल्या.

एका नळीतलं पाणी असं नितळ होतं की त्यातून मागच्या भिंतीवरच्या नियमाची अक्षरं दिसत होती. दुसरीत दूध होतं. म्हणजे दूध नव्हतं, पण कुणालाही विचारलं असतं तर त्याने दूधच म्हटलं असतं, आणि वर सायीसारखा थर.

चिमण वाकला. "हे पांढरं कुणाचं?"

"नाव वाच."

त्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. "मी बारा तास काही खाल्लं नाहीये, ताई."

"म्हणूनच बोलावलं उपाशी. हे खाल्लेलं नाही. हे तुझं शरीर स्वतः बनवतंय आणि ते साफ करणं त्याला जमत नाहीये. हेच त्या स्वादुपिंडातून फिरतं. माझंही दहा महिन्यांपूर्वी गढूळ असायचं, तुझ्याएवढं नाही, पण आरपार काही दिसायचं नाही. वजन माझं अजून एकशे तीन आहे. आणि हे बघ."

त्याने एकदा ही नळी उचलली, एकदा ती. पांढरी नळी तिरकी केली तेव्हा ते काचेला चिकटून सावकाश खाली आलं, आणि चिमणचा चेहरा उतरला.

"म्हणजे दार छोटं नाही केलं," तो हळूच म्हणाला. "आतला थर्मोस्टॅटच बदललाय."

"तेच तर मी नऊ महिने ओरडून सांगतेय!"

"तू आतडं-आतडं म्हणत होतीस. थर्मोस्टॅट म्हणाली असतीस तर कळलं असतं."

जाऊ दे, बाई स्वतःशी म्हणाल्या, कळलं ना, संपलं. घड्याळात साडेअकरा झाले होते. त्यांनी दवाखान्याचा नंबर लावून फोन चिमणपुढे ठेवला, फक्त हिरवं बटण दाबायचं बाकी. चिमणने फोनकडे बघितलं. दाबलं नाही. पाच मिनिटं गेली. आणखी पाच. तो नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची टोकं नखाने सरळ करत राहिला.

आणि मग बाईंचा तोल गेला. "आता काय राहिलं? वजन म्हणालास, वजन उतरवून दाखवलं. रिपोर्ट म्हणालास, रिपोर्ट दाखवला. डोळ्यांसमोर नळी ठेवली. आता काय पोट फाडून दाखवू? एवढा जिवाचा कंटाळा आला असेल तर तसं सांग, मी आणि तुझी बायको मोकळ्या होतो!"

शिक्केबुवांचा शिक्का हवेतच थांबला.

"नळीबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं," चिमण म्हणाला. "वजनाबद्दलही नव्हतं."

"मग नऊ महिने माझा जीव का खाल्लास?"

तो टेबलाकडे बघत बोलला. "तू जेवायला खाली येतेस. तीन घास खातेस आणि उठतेस. पाच मिनिटंसुद्धा होत नाहीत. माझं ताट नुकतंच वाढलेलं असतं आणि तुझ्या चपला जिन्यात वाजायला लागतात. आधी आपण तास-तास बसायचो. मी लहान असल्यापासून. तू सगळ्यांच्या नकला करायचीस. शिक्केबुवांची तर इतकी..." त्याची नजर शिक्केबुवांकडे गेली.

शिक्केबुवांनी एक रजिस्टर उघडून त्यात डोकं घातलं.

"मला वाटलं, तुझं वजन अडकलं की तूच म्हणशील, गेलं खड्ड्यात ते ऑपरेशन, आणि बसशील पहिल्यासारखी. आता मीही तीन घास खाऊन उठायला लागलो, की संपलंच. तू वर, मी खाली. मग आपण एकमेकांकडे कशाला जायचं?"

बाईंना त्याची अशी चीड आली होती की त्याला हलवून सोडावं, आणि तितकीच स्वतःची लाज वाटली. ते भरलेलं टेबल त्यांना नकोसं झालं होतं, हे खरंच होतं. वाफा येणाऱ्या ताटासमोर आपली वाटी घेऊन बसलं की त्यांना आपण पंक्तीबाहेर काढल्यासारखं वाटायचं, म्हणून त्या लवकर उठायच्या. मागे कोण बसलंय, हे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. आपल्या साखरेचा, लोहाचा, चरबीचा आकडा त्यांना तोंडपाठ होता.

"हे मला आधी सांगता येत नव्हतं?"

"हे काय सांगायचं असतं होय?"

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. ते स्टूल रक्त द्यायला येणाऱ्यांचं होतं, त्या स्वतः तिथे सहसा बसत नसत. "दवाखान्यातून घरी येताना एक कागद देतात," त्या म्हणाल्या. "जेवायचं कसं त्याचा. त्यातली पहिलीच ओळ आहे, जेवणाला अर्धा तास लावा. घास चावा, चमचा खाली ठेवा, थांबा. मी एकदाही लावला नाही, चिमण. पटपट गिळते आणि पळते. म्हणूनच पोटात ढवळतं, सर्जनबाई ओरडल्यासुद्धा."

"अर्धा तास? तीन घासांना?"

"तीन घासांना."

चिमणने यावर खरोखर विचार केला. "मग मधल्या वेळात करायचं काय?"

"बोलायचं. दुसरं काय करणार?"

बारा वाजायला आठ मिनिटं होती. चिमणने बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. बाईंनी तोंड फिरवलं आणि कारण नसताना टेबल पुसायला घेतलं. पलीकडे कुणीतरी उचललं.

"हो, मीच बोलतोय. गुरुवारचं. हो, येतोय मी, नक्की." मग तो थोडा वेळ ऐकत राहिला, पलीकडची मुलगी बहुधा विचारत होती की आधी रद्द का केलं होतं.

"घाबरलो होतो हो," चिमण म्हणाला. "पण ऑपरेशनला नाही."